फोर्थ शिफ्टचं गाऱ्हाणं

शनिवार, ३ फेब्रुवारी

आले एकदाची लालबागात! नालासोपाऱ्याच्या फ्लॅटला, तिथल्या पाण्याच्या टँकरला आणि माझा शाम्पू वापरून वर झाकण उघडं ठेवणाऱ्या तिन्ही मैत्रिणींना रामराम. सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी, मिक्सर आणि आईने कुडाळहून पाठवलेला आंबोशीचा डबा.

खोली आमच्या गावाच्या मंडळाची आहे. पूर्वी गावातून गिरणीत कामाला आलेला प्रत्येक माणूस आधी इथेच उतरायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, भिंतीला प्रत्येकाची ट्रंक, आणि झोपायचं ते पाळीपाळीने. एक उठून कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. आता गिरण्या गेल्या, ट्रंका गेल्या आणि मंडळाची सभा मोबाइलवर होते. जगदीशमामा मंडळाचा सेक्रेटरी. चाळ पाडायला काढेपर्यंत राहा म्हणाला. या खोलीत राहणारी मी पहिली बाई. भिंतीवरच्या फोटोंतल्या दिवंगत अध्यक्षांना हे काही पटलेलं दिसत नाही. माझा हेअर ड्रायर लावला तेव्हा सगळे त्याच्याकडेच बघत होते.

आनंदाची खरी बातमी वेगळीच आहे. इतकी वर्षं मी डबिंगमध्ये क्राउड करत आले. सिनेमात मोर्चा दिसतो, लग्नाचा मांडव दिसतो, त्याचा गलका आम्ही चार-पाच जण काचेमागे उभे राहून करतो. कधी भाजीवाली, कधी नवरीची आत्या, कधी नुसतं ‘अगं बाई’. परवा फोन आला: नव्या मालिकेच्या नायिकेचा आवाज माझा. चार मार्चपासून काम सुरू. गर्दीतून बाहेर काढून कोणीतरी मला एकटीला बोलायला सांगितलंय. आईला फोनवर सांगितलं तर ती रडली आणि मग तिने मलाच विचारलं, रडतेस कशाला.

सोमवार, ५ फेब्रुवारी

शेजारी चांगले आहेत. मेघनावहिनी पोळ्या करून विकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गरम पोळी दिली आणि खोलीची जास्तीची किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली, एकटी बाई आहेस म्हणून. त्यांचे सासरे रामजीआजोबा आमच्याच गावचे. उंच, ताठ, पांढरा शुभ्र सदरा. पण बोलत नाहीत. बहिरे नाहीत, सगळं ऐकू येतं. तरुणपणी आवाज गेला म्हणे, डॉक्टर झाले, देवर्षी झाले, आला नाही.

मी त्यांना म्हटलं, आजोबा, माझ्याकडे आवाज भरपूर आहे, हवा तर थोडा घ्या. ते हसले नाहीत. माझं हे असंच असतं, जीभ आधी आणि डोकं मागून.

रविवार, ११ फेब्रुवारी

आजचा दिवस मस्त गेला. सम्यक आला होता. तो साउंड रेकॉर्डिस्ट, वरळीच्या बीडीडी चाळीतला, माझा क्राउडच्या दिवसांपासूनचा मित्र. दोघांनी मिळून पोटमाळा साफ केला. मंडळाचे टोप, फुटका मृदंग, टाळांची पोतडी, आणि सगळ्यांच्या मागे चादरीत गुंडाळलेला एक रेकॉर्ड प्लेअर आणि एकच तबकडी.

सम्यक तबकडी बघून अक्षरशः खाली बसला. कव्हर हाताने रंगवलेलं. गिरणीची जांभळी चिमणी, तिच्यातून निघणारा धूर, आणि धुरात डोळेच डोळे. वर इंग्रजीत नाव: फोर्थ शिफ्ट. साल १९६८. मागे चार नावं. गुणाजी, गाणं आणि बेंजो. रामजी, ड्रम. आणखी दोघे. रामजी म्हणजे आपले शेजारचेच! गिरणीत पाळ्या तीन असायच्या, ही पोरं चौथी करायची, गाण्याची. सम्यक म्हणतो हे सायकेडेलिक रॉक आहे, परदेशात पोरं केस वाढवून जे वाजवत होती ते इथे गिरणीकामगारांच्या पोरांनी गणपतीच्या बेंजोवर वाजवलंय, आणि याची नोंद कुठेही नाही.

प्लेअरचा पट्टा तुटला होता, त्याने पोळ्यांच्या पिशवीचं रबरबँड लावलं. पहिली बाजू: बेंजो असा ताणलेला की दातांत कळ यावी, खाली भजनाचा ठेका, आणि उलटे वाजणारे टाळ. तोडक्यामोडक्या इंग्रजीतलं गाणं. दुसरी बाजू लावली आणि मी खो-खो हसत सुटले. कारण ते चक्क गाऱ्हाणं होतं!

सम्यकला समजावून सांगावं लागलं. आमच्याकडे लग्न असो, शिमगा असो, वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, अमक्याची इडापिडा टळू दे, तमक्याला नोकरी लागू दे, आणि प्रत्येक मागणीला बाकीचे सगळे म्हणतात, होय म्हाराजा. काय मागितलं ते कोणी ऐकत नाही. निम्म्यांचं लक्ष मटणाच्या टोपाकडे असतं. पण तो सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं. आताही तेच झालं. गुणाजीचे शब्द त्या गोंगाटात कळत नव्हते, नुसता चढणारा सूर कळत होता. तो थांबला की तबकडीतून गर्दी म्हणायची, होय म्हाराजा, आणि तिच्यासोबत मीही, पोतडी झाडता झाडता. सम्यक म्हणाला, तू तर बँडमध्येच आलीस.

बुधवार, १४ फेब्रुवारी

रोज दुपारी लावते. चाळीत दुपारी सामसूम असते, तेव्हा भांडी घासताना ती दुसरी बाजू फार छान लागते. वेड लावणारी चीज आहे. दर वेळी वाटतं, या वेळी शब्द कळतील. दर वेळी मी आपली होय म्हाराजा म्हणून मोकळी.

एक गंमत. कव्हरवर नावं चार, पण होय म्हणणारे चार नाहीत. मी आयुष्यभर गर्दी केलीय, गर्दीतले आवाज सुटे करायला मला शिकवायला नको. एक घोगरा आहे, एक नाकातला, एक म्हातारा, एक अगदी मिसरूड फुटलेला. मोजत गेले तर संपेचनात. सम्यकला फोन केला. तो म्हणाला, टेप इको आहे, तेव्हा असेच खेळ करायचे. असेल. पण इको आवाज वाढवतो, माणसं वाढवत नाही.

आज दुपारी रामजीआजोबा आले. आले म्हणजे दार धडाधडा वाजवलं. मी उघडलं तशी त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला. घट्ट. हाताला कणकेचा वास येत होता. मागून मेघनावहिनी धावत आल्या, त्यांना ओढून घेऊन गेल्या आणि दहादा माफी मागितली. आजोबांच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच मला सारखं आठवतंय.

रविवार, १८ फेब्रुवारी

घसा खवखवतोय. गरम पाणी, ज्येष्ठमध, सगळं चालू.

मला शिकवणाऱ्या बाई माझ्यावर एकाच गोष्टीवरून ओरडायच्या: वाक्याआधी श्वास ऐकू येतो तुझा. अजूनही येतो, माझी खोड आहे ती. आज तबकडी लावली. गुणाजीचा सूर चढला, थांबला, आणि होय म्हाराजाच्या आधी, त्या सगळ्या पुरुषांच्या गर्दीत, एका बाईने श्वास घेतला.

मी सुई उचलली. पुन्हा ठेवली. पुन्हा तोच श्वास, आणि मग तो आवाज. १९६८ सालच्या तबकडीत.

मी आज तोंड उघडलं नव्हतं. घसा दुखतो म्हणून गप्प होते. तरी आवाज माझाच होता.

मला भीती वाटली. लिहून टाकते, म्हणजे जरा कमी होईल.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सम्यकने तबकडी मोबाइलवर उतरवून घेतली होती, ती घरी स्वच्छ केली, संथ केली. आज ऐकवायला आला. त्याला बाईचा आवाज ऐकू येत नाही. नुसता गोंगाट येतो म्हणाला. तो ती बाजू माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकून बसलाय, पण त्याचा घसा ठणठणीत. मी विचारलं, तू कधी होय म्हाराजा म्हणालास? तो म्हणाला, मी कशाला म्हणू, आमच्या घरात गाऱ्हाणं नसतंच, माझं तोंड उघडायचा प्रश्नच येत नाही.

त्याला मालवणी कळत नाही, म्हणून शब्द मी लिहून घेतले. माझ्याच हाताने. हे असं:

बा देवा म्हाराजा, आमी गिरणीत हाडां झिजयली, आमचो आवाज भोंग्याखाली दबलो. तो आता कधी बंद पडूक नये. जो कोण ह्यां आयकात आनि होय म्हणात, तेचो गळो आमच्या गळ्यात मिळू दे. ही पाळी कधी सुटूक नये रे म्हाराजा.

पोरांनी हौसेने मागितलं असेल. नाव व्हावं, आवाज राहावा, इतकंच. आणि मी रोज दुपारी, भांडी घासत, हो म्हणत गेले.

सम्यक मोठ्याने हसला. माझा चेहरा बघून त्याने मोबाइल बंद केला.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

मेघनावहिनींना गाठलं. त्यांनी सासूकडून ऐकलेलं सांगितलं. तबकडीचं ते गाऱ्हाणं याच खोलीत रेकॉर्ड झालं, मशीन भाड्याने आणून. गुणाजीने घातलं आणि खोलीत जितके होते तितके सगळे हो म्हणाले, सवयीने. महिन्याभरात गुणाजी मुका झाला. मग बाकीचे तिघे. मग खोलीतले एकेक. गिरणीचा कापूस छातीत जातो, त्याने झालं असं सगळे समजले. गुणाजी गावी गेला आणि तिथेच वारला.

मी विचारलं, मग आजोबांनी ही जागा का नाही सोडली? वहिनी म्हणाल्या, माझ्या नवऱ्याने ठाण्यात फ्लॅट घेतला होता, पाय धरले, पण सासरे हलले नाहीत.

माझा आवाज आज फाटका येतोय. वरचा सूर लागतच नाही. चार मार्च जवळ आली.

शनिवार, २४ फेब्रुवारी

सकाळी दूधवाल्याला थांब म्हणायला गेले. काही आलं नाही. हवा आली.

डॉक्टरांनी कॅमेरा घालून बघितलं. स्वरयंत्र उत्तम आहे म्हणाले. ताण घेऊ नका म्हणाले. गोळ्या दिल्या. परत येताना टॅक्सीत रडले, तर रडण्यालाही आवाज नव्हता.

स्टुडिओला मेसेज केला, सर्दी आहे. खोटं.

सोमवार, २६ फेब्रुवारी

तबकडी सम्यककडे दिली. घेऊन जा, फोड, जाळ, काहीही कर, असं लिहून दाखवलं. मला त्याने स्वतःच्या घरी नेलं. त्याच्या आईने, काही न विचारता, वरण-भात वाढला. दुपारपर्यंत होते.

मग परत आले. का आले ते लिहायला लाज वाटते. तिथे फार शांत होतं. माझ्या आत इतकं शांत मला सहन होईना.

खोलीत तबकडी नाही. प्लेअरची वायर काढून ठेवलीय. तरी मी दार उघडलं आणि बेंजो लागला.

बुधवार, २८ फेब्रुवारी

भिंतीतून येतं. शेजारच्या बाजूच्या.

सूर चढतो, थांबतो, आणि मग मी म्हणते. ती म्हणते. काय सुंदर म्हणते. स्वच्छ, गोल, कुठेही फाटत नाही. इतकी चांगली मी कधीच नव्हते. नायिकेचा आवाज असाच हवा होता.

सम्यकचे सतरा मिस्ड कॉल. उचलून काय बोलू?

इथून गेले तर माझा आवाज इथेच राहील. माझ्याशिवाय. हे मला सहन होत नाही. दिवसभर भिंतीला कान लावून बसले.

शुक्रवार, १ मार्च

आज कळलं.

गॅलरीत गेले होते. मेघनावहिनींचं दार उघडं होतं. आत रामजीआजोबा, आमच्यामधल्या त्याच भिंतीला कान लावून. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

म्हणून हलले नाहीत ते. पन्नासहून जास्त वर्षं स्वतःचा आवाज ऐकत —

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि सरकून भिंतीजवळ मला जागा दिली. मी पळाले.

नाही. असं नाही व्हायचं मला. उद्या इथून निघायचं. आवाज गेला तर गेला. नायिका गेली तर गेली. सम्यकला मेसेज केला, ये, मला घेऊन जा, मी नाही म्हटलं तरी ने.

शनिवार, २ मार्च

सम्यक बाहेरगावी रेकॉर्डिंगला आहे, उद्या रात्री परततो म्हणाला. मामाचा मेसेज. आई निघालीय. माझा आवाज बसला हे तिला कोणी सांगितलं? ज्येष्ठमध, खडीसाखर, अडुळसा घेऊन एसटीत बसलीसुद्धा.

आई. गावातलं एक गाऱ्हाणं तिने चुकवलेलं नाही. सगळ्यांत आधी हो म्हणणारी ती. ओव्या म्हणते, जात्यावर नाही तर मिक्सरवर म्हणते. तिच्या आवाजाने शेजारची माणसं उठतात.

तिला या खोलीत येऊ द्यायचं नाही. बाकी काही झालं तरी चालेल.

आईचा फोन साधा. मामाला टाइप केलं: तिला परळलाच उतरायला सांग, मी घ्यायला येते, परस्पर सम्यककडे जाऊ. खोलीवर नाही. खोलीवर नाही. खोलीवर नाही. त्याने अंगठा पाठवला.

रविवार, ३ मार्च

परळला उभी होते. बस लालबागवरून फिरून आली, आई नाही. कंडक्टर म्हणाला, मावशी लालबागला उतरल्या, जवळ पडतं म्हणून.

धावले.

दार उघडं. वहिनींच्या किल्लीने. आई गॅसवर चहा ठेवतेय. म्हणते, खंय गेल्लंस? आताच आतसून आवाज आयकलंय तुझो, म्हटलं बरा झाला माझा चेडू —

हात ओढला. हलत नाही. रात्रभर प्रवास झालाय, जरा टेकूक दी म्हणते. मोबाइलवरचं बारीक तिला दिसत नाही. ही वहीच पुढे धरलीय. मोठं लिहिते. ती शेजारी बसून बोट ठेवून वाचतेय, मोठ्याने, प्रौढ वर्गात शिकली तशी, मोठ्याने वाचल्याशिवाय तिला अर्थ लागत नाही.

आई, सामान राहू दे. चल बाहेर.

वाचलं. हसली. आधी चाय घी म्हणते.

आई, इथे गाऱ्हाणं ऐकू येईल. लक्ष देऊ नको.

खयचा गाऱ्हाणा म्हणते —

बेंजो लागला. भिंतीत. आई मान वर करून ऐकतेय. पदर डोक्यावर घेतला. हात जोडले.

तोंडावर हात ठेवला, तिने काढला. घाबरली माझ्या चेहऱ्याला. काय झाला बाय, लिही, लिही म्हणते, बोट कागदावर ठेवलंय, मी लिहीन तसं वाचतेय, एकेक शब्द, मागोमाग —

सूर चढतोय.

आई, काहीही झालं तरी तोंडातून होय म्हाराजा